आयर्विनला किती फूट? 'अगेन्स्ट द स्टॉर्म' पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

सांगलीत पावसाळ्यात दोन माणसं भेटली की चहाच्या आधी एकच प्रश्न निघतो: आयर्विनला किती फूट? कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेलं. त्या वेळी आमच्या गल्लीत ज्यांनी ३८-३९ लाच धान्याचे डबे, कागदपत्रं आणि अंथरुणं माडीवर नेली त्यांचं बरंच वाचलं. "अजून बघू" म्हणणारे नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडले.

'अगेन्स्ट द स्टॉर्म' हा वस्ती वसवायचा संगणकावरचा गेम मी पहिल्यांदा लावला तेव्हा मला हाच प्रश्न आठवला. या गेममध्येही एक पातळी चढत असते, ती रोज वाचावी लागते, आणि पाणी दारात यायच्या आधी हालचाल करावी लागते. मे महिन्याच्या सुट्टीत तासगावहून माझा भाचा आला होता. त्यानं शहरं वसवायचे बरेच गेम खेळलेले. तरी त्याच्या पहिल्या दोन वस्त्या पार ढासळल्या. त्याच्या शेजारी बसून जे सांगितलं तेच इथं नीट मांडून लिहिते आहे. गेम मराठीत नाही, त्यामुळे पडद्यावर दिसणारे इंग्रजी शब्द तसेच ठेवते आणि अर्थ सोबत सांगते.

आधी थोडी ओळख. हा गेम पोलंडच्या एरेमाइट गेम्स या छोट्या कंपनीनं केला आणि हूडेड हॉर्सनं प्रकाशित केला. २०२१ मध्ये तो अर्ली अॅक्सेसमध्ये, म्हणजे पुरा व्हायच्या आधीच विक्रीला, आला आणि पूर्ण आवृत्ती ८ डिसेंबर २०२३ ला निघाली. स्टीम या ऑनलाइन दुकानावर मिळतो, जीओजीवरही मिळतो. एकट्यानं खेळायचा आहे. सैन्य नाही, लढाया नाहीत. शत्रू म्हणजे जंगल, पाऊस आणि वेळ. जगावर न थांबणारा पाऊस कोसळतो आहे. 'स्मोल्डरिंग सिटी' नावाचं एकच मोठं शहर तग धरून आहे, तिथं 'स्कॉर्च्ड क्वीन' राज्य करते. तुम्ही तिचे व्हाइसरॉय, म्हणजे सुभेदार म्हणा. जंगलात जायचं, वस्ती बसवायची, ती उभी राहिली की पुढची बसवायला निघायचं. काही वर्षांचं एक चक्र पुरं झालं की 'ब्लाइटस्टॉर्म' येतं आणि नकाशावरच्या सगळ्या वस्त्या पुसून टाकतं. राणीच्या शहरात तुम्ही केलेल्या सुधारणा मात्र तशाच राहतात आणि पुढच्या चक्रात कामी येतात. रोगलाइट म्हणतात ते हेच: दर वेळी डाव नवा, पण मागच्या डावाची पुंजी थोडी थोडी साठत जाते.

सुरुवातीला: कुठली पट्टी काय सांगते

वस्तीत उतरल्याबरोबर गेम थांबवा. स्पेसबार दाबला की थांबतो. थांबवलेल्या अवस्थेत इमारतींच्या जागा ठरवता येतात, माणसं नेमता येतात, सगळं वाचता येतं. यात कमीपणा काही नाही, गेम तसाच बनवलेला आहे. मी अजूनही पहिली पाच मिनिटं थांबवूनच खेळते.

दोन पट्ट्या ओळखून ठेवा. निळी पट्टी रेप्युटेशनची. ती भरली की तुम्ही जिंकलात. लाल पट्टी राणीच्या इम्पेशन्सची, म्हणजे तिचा संयम किती सुटत चालला आहे त्याची. ती भरली की हरलात. लाल पट्टी आपोआप, हळूहळू चढत राहते. माणूस मेला किंवा वस्ती सोडून गेला की जास्त चढते. रेप्युटेशनचा गुण मिळाला की ती खाली येते. म्हणजे गेम तुम्हाला "मोठं शहर उभारा" असं सांगतच नाही, तो म्हणतो "लाल भरायच्या आत निळी भरा". माझा भाचा रस्ते सरळ आखत बसला होता, घरांच्या ओळी लावत होता. छान दिसत होतं. पण दोन वर्षं गेली तरी निळ्या पट्टीत एक गुण नव्हता.

तिसरी गोष्ट पट्टीसारखी लगेच डोळ्यात भरत नाही आणि नवे खेळाडू तिथंच फसतात. ती म्हणजे हॉस्टिलिटी, जंगलाचा राग. आपली पाणीपातळी तीच. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

अडचणीची पातळी 'सेटलर' निवडा. त्यानंतर पायोनियर, व्हेटरन, व्हाइसरॉय आणि मग प्रेस्टिजच्या २० पायऱ्या आहेत, पण तिकडे इतक्यात बघू नका. गेमचा स्वतःचा शिकवणीचा भागही खेळून घ्या, तो चांगला केला आहे.

पहिलं वर्ष: चूल, लाकूड, निवारा

वस्तीच्या मध्यावर 'एन्शंट हार्थ' असते. ही वस्तीची चूल. ती कायम पेटती लागते. लोक कामातून विश्रांतीला तिथंच येतात, जेवतात, अंग शेकतात. आमच्याकडे गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालायला एक जाणता माणूस बसवलेला असतो आणि त्याचा हात थांबला की कढईतला रस बिघडतो; तसा या चुलीशीही एक जण नेमायचा असतो. वस्तीत माणसं, सरडे, बीव्हर अशा वेगवेगळ्या जमाती राहतात; कुठल्या जमातीचा नेमला यावर वस्तीला वेगवेगळा फायदा मिळतो, म्हणून नेमण्याआधी त्याच्यावर माउस नेऊन वाचा.

सुरुवातीला चूल लाकूड खाते. पुढे कोळसा किंवा तेल हाती आलं तर ते जळणाला लावा आणि लाकूड फळ्यांसाठी राखा. गुऱ्हाळावर चिपाडं जाळतात, सरपण विकत आणून कोणी जाळत नाही, तोच हिशेब.

पहिल्या मिनिटाचा माझा क्रम असा: लाकूडतोड्यांची एक छावणी, शक्य झाल्यास दोन. मग 'क्रूड वर्कस्टेशन', कारण फळ्या, कापड आणि विटा सुरुवातीला तिथंच होतात. फळ्या लाकडाच्या. कापड वनस्पतींच्या धाग्याचं, वेताचं किंवा कातड्याचं. विटा मातीच्या किंवा दगडाच्या. मग निवारे, म्हणजे 'शेल्टर', तेही चुलीच्या परिघात. 'पार्ट्स' नावाचं सामान दिसेल. ते साधारणपणे वस्तीत तयार होत नाही, सोबत आणलेलं किंवा व्यापाऱ्याकडून, जंगलातून मिळालेलंच असतं. ते उधळू नका. भाच्यानं सगळे पार्ट्स पहिल्या दहा मिनिटांत वेगवेगळ्या छावण्या बांधण्यात संपवले आणि त्यातल्या दोन छावण्यांना गोळा करायला आसपास काही नव्हतंच.

छोट्या छावण्या फक्त छोट्या साठ्यांवर काम करतात. मोठं झुडूप, मोठा कंदांचा पट्टा सापडला तर त्यासाठी मोठी छावणी लागते आणि तिचा ब्लूप्रिंट, म्हणजे ती बांधायची मुभा, मिळवावा लागतो. म्हणून आधी काय आहे ते बघायचं, मग बांधायचं.

ऋतू: रिमझिम, उघडीप, वादळ

वर्षाचे तीन ऋतू: ड्रिझल, क्लिअरन्स आणि स्टॉर्म. आपल्याकडे पावसाळ्यातच रिमझिम, उघडीप आणि झड असते, तसंच. उघडीप हा शब्द ज्याच्या कानावर लहानपणापासून पडला आहे त्याला हा गेम लवकर उमगतो, असं मला खरंच वाटतं. उघडीप पडली की माणूस वाळवणं घालतो, कौलं शाकारतो, बाजार करून येतो. गेममध्येही तेच. शेतात पेरणी रिमझिमीत होते, काढणी उघडिपीत. शेतीसाठी सुपीक माती लागते आणि ती जंगलातल्या मोकळ्या जागांमध्येच सापडते.

वादळात लोकांची मनं खचतात. वस्तीचा खरा हिशेब तेव्हा होतो. म्हणून दर वर्षी वादळ लागायच्या आधी एकदा थांबवा आणि तीन गोष्टी बघा: चुलीचं जळण किती, शिजलेलं अन्न किती, आणि जंगलाचा राग कितव्या पायरीवर.

जंगलाचा राग: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

हॉस्टिलिटी कशानं वाढते? वर्षं सरली की वाढते, माणसं वाढली की वाढते, जंगलातली नवी मोकळी जागा उघडली की वाढते आणि लाकूडतोडे कामावर असले की वाढते. राग ठरावीक पायरीवर गेला की वादळात सगळ्यांचा रिझॉल्व्ह, म्हणजे धीर, त्या प्रमाणात उतरतो. शिवाय प्रत्येक वस्तीला जंगलाची काही 'मिस्टरीज', म्हणजे बरे-वाईट गूढ परिणाम, असतात. त्यातल्या वाईट मिस्टरीज रागाच्या कुठल्या पायरीला जाग्या होणार ते लिहिलेलं असतं. वस्ती सुरू होतानाच ती यादी वाचून ठेवा. एखादी दुसऱ्या पायरीवरच जागी होणारी असेल तर तुमची इशारा पातळी तिच्या अलीकडे.

एखाद्या जमातीचा धीर शून्यावर आला की तिची माणसं वस्ती सोडायला लागतात. माणूस गेला की राणीचा संयम सुटतो, हात कमी होतात, काम मागे पडतं. भाच्याची दुसरी वस्ती अशीच गेली. दुसऱ्या वर्षाअखेरपर्यंत त्यानं चार मोकळ्या जागा उघडल्या होत्या, तीन छावण्यांत लाकूडतोडे भरले होते, पाहुणे म्हणून आलेला प्रत्येक जथा आत घेतला होता. वादळ लागलं आणि सरडे उठून चालू लागले. "मावशी, मी तर सगळं वाढवलं होतं, मग जातायत कशाला?" म्हणाला. वाढवलं होतं म्हणूनच जात होते.

उपाय हाताशी आहेत. पहिला आणि सोपा: वादळ लागायच्या अगदी आधी लाकूडतोड्यांना छावणीतून काढा. राग तेवढा उतरतो. त्या माणसांना वादळभर फळ्या कापायला, स्वयंपाकाला, विटा पाडायला लावा आणि रिमझिम आली की परत जंगलात पाठवा. दोन-तीन क्लिकचं काम आहे, पण त्यानं वस्ती वाचते. मात्र त्यासाठी जळणाचा साठा आधीच हवा, नाहीतर लाकूडतोडेही नाहीत आणि चूलही विझत आली, अशी पाळी येते.

दुसरा उपाय चुलीत जास्तीचं जळण अर्पण करण्याचा. हार्थवर टिचकी मारली की तसा पर्याय दिसतो. साठा भराभर संपतो, पण त्या वादळापुरता राग दबतो. संकटात वापरायचा, सवय करायची नाही.

आणखी एक बारकावा पुस्तकी वाटेल पण उपयोगी आहे. राणीचा संयम जितका सुटलेला तितका जंगलाचा राग कमी होतो. म्हणजे लाल पट्टी थोडी चढली म्हणून घाबरून जाऊ नका. अर्ध्यापर्यंत आली तरी डाव हातात असतो.

ग्लेड उघडताना

जंगलात झाडांनी वेढलेल्या मोकळ्या जागा असतात, त्यांना गेममध्ये ग्लेड म्हणतात. छोटे ग्लेड निरुपद्रवी. कवटीचं चिन्ह असलेले डेंजरस. त्याहून मोठे आणि वाईट ते फॉरबिडन. लाकूडतोडे झाडं तोडत कडेपर्यंत पोचले की ग्लेड उघडतो. छावणीच्या सेटिंगमध्ये त्यांना ग्लेड टाळायला किंवा तुम्ही खूण केलेली झाडंच तोडायला सांगता येतं. हे पहिल्याच मिनिटाला करून टाका. चुकून उघडलेला ग्लेड परत मिटवता येत नाही.

डेंजरस ग्लेडमध्ये काहीतरी संकट बसलेलं असतं आणि त्याला मुदत असते. मुदतीत माणसं लावून, सामान देऊन ते मिटवावं लागतं. बहुतेक वेळा दोन वाटा असतात, प्रत्येकीला वेगळं सामान लागतं आणि बक्षीसही वेगळं. मुदत गेली की वस्तीला फटका. पण भिऊन हे ग्लेड उघडलेच नाहीत तरी चालत नाही, कारण मोठे साठे, सुपीक माती आणि रेप्युटेशन तिथंच आहे. मी पहिला डेंजरस ग्लेड पहिल्या वर्षाच्या उघडिपीत किंवा दुसऱ्या वर्षाच्या रिमझिमीत उघडते. वादळात कधीच नाही. उघडण्याआधी गोदामात थोड्या फळ्या, थोडं कापड, थोड्या विटा असाव्यात आणि तीन-चार माणसं मोकळी करता यावीत. एक ग्लेड पूर्ण आवरल्याशिवाय दुसऱ्याच्या कडेची झाडं तोडायची नाहीत.

सोडून दिलेले साठेही सापडतात. ते उघडायला अवजारं लागतात. उघडून माल स्वतः ठेवायचा की राणीकडे पाठवून रेप्युटेशन घ्यायचं, हे तुमच्यावर. डाव शेवटाकडे आला असेल तर पाठवा. सुरुवातीला पोटाला कमी पडत असेल तर ठेवा.

अन्न: या वर्षी जे पिकलं त्याची भाकरी

एका वस्तीत तीन जमाती असतात. मूळ गेममध्ये माणसं, बीव्हर (झाडं कुरतडणारे प्राणी), सरडे, हार्पी (पक्ष्यांसारखे पंखवाले) आणि कोल्हे आहेत. २०२४ च्या 'कीपर्स ऑफ द स्टोन' या जोडणीत बेडूकही आले. प्रत्येकाच्या आवडी वेगळ्या. माणसांना बिस्किटं आणि 'पाय' (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) आवडतात, सरड्यांना सुकं मांस. माणसं शेतीत तरबेज, बीव्हर लाकूडकामात, सरडे मांसाच्या कामात, हार्पी किमयेच्या कामात, कोल्हे पावसाच्या पाण्यावर चालणाऱ्या कामात. तरबेज माणूस योग्य जागी बसवला तर कधी कधी दुप्पट माल निघतो. काही कामांत जमातीला समाधान मिळतं, ते धीराला लागू पडतं. इमारतीत माणूस नेमताना छोटी चिन्हं दिसतात, ती बघूनच नेमा.

कच्चं अन्न, म्हणजे बोरं, अळंबी, कंद, मांस, अंडी, यावर वस्ती जगते. पण धीर वाढतो तो शिजवलेल्या अन्नानं. इथं गेमची सगळ्यात सुंदर गोष्ट आहे आणि नवे खेळाडू नेमकी तीच वाचत नाहीत. एकच पदार्थ अनेक कच्च्या मालांतून होतो. पीठ धान्याचं होतं, कंदांचं होतं, अळंबीचंही होतं. ज्वारी पिकली तर ज्वारीची भाकरी, नाहीतर बाजरीची, नाहीतर नाचणीची. भाकरी चुकत नाही. पाककृतीच्या प्रत्येक घटकावर टिचकी मारली की पर्याय उघडतात. कुठला माल वापरू द्यायचा आणि कुठला राखून ठेवायचा ते तिथं ठरवता येतं. कंद बिस्किटांना हवे असतील तर ते कच्चे खाणं बंद करता येतं. कुठल्या जमातीनं काय खायचं, काय नाही, यालाही स्वतंत्र पडदा आहे.

म्हणून "या गेममध्ये कुठला पदार्थ सगळ्यात चांगला" हा प्रश्न मला कोणी विचारला तर मी उलट विचारते, तुमच्या ग्लेडमध्ये काय निघालं? उत्तर तिथंच आहे. अळंबी मुबलक निघाली आणि कुठल्याशा इमारतीत तिचं पीठ होत असेल तर बिस्किटांचा रस्ता तयार झाला.

आणि प्रत्येक पदार्थाला मर्यादा घाला. फळ्या ३० झाल्या की थांब, असं इमारतीत लिहिता येतं. नाहीतर वर्कस्टेशन सगळं लाकूड फळ्यांत घालवून बसतं आणि चुलीला उरत नाही.

ब्लूप्रिंट घाई न करता निवडा

रेप्युटेशन वाढत जाईल तसे नव्या इमारतींचे ब्लूप्रिंट समोर येतात, त्यातला एक घ्यायचा. दर वर्षी 'कॉर्नरस्टोन' येतात, ते कायमचे फायदे. दर डावात वेगळे पर्याय येतात, आणि मागच्या डावात ज्या बेकरीनं जिंकलात ती या वेळी दिसणारच नाही कदाचित. त्यामुळे एकच आराखडा पाठ करून उपयोग नाही.

ब्लूप्रिंट लगेच निवडायची सक्ती नसते. मी एक-दोन ग्लेड उघडेपर्यंत ते तसेच ठेवते. हरिपूर हळदीच्या पेवांसाठी, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांसाठी, ओळखलं जातं. पेवात माल घालायच्या आधी जाणते लोक जमीन बघायचे, ओल बघायचे. इमारत निवडतानाही आधी जमीन बघावी. हातात काय कच्चा माल आहे, तीन जमातींपैकी किमान दोघांना चालेल असं काय त्यातून होईल, हे दोन प्रश्न पुरे. इमारतीतल्या प्रत्येक पाककृतीवर तारे असतात. शून्य तारे म्हणजे माल जास्त लागतो आणि वेळही जास्त. तीन तारे म्हणजे काटकसर. सुरुवातीच्या 'फील्ड किचन'ला तारा नाही, तरी पहिली दोन वर्षं तिच्यावर निभावतं.

राणीच्या ऑर्डरी

ऑर्डर म्हणजे राणीनं सांगितलेलं काम. पुरं केलं की रेप्युटेशन आणि वर काही सामान. निवडताना दोन-तीन पर्याय येतात. एक गोष्ट ध्यानात ठेवा: बऱ्याच ऑर्डरींमध्ये मोजणी तुम्ही ती घेतल्यापासून सुरू होते. ग्लेड उघडा अशी ऑर्डर असेल आणि तुम्ही ग्लेड आधीच उघडून बसलात तर तो धरला जात नाही. म्हणून काहीही मोठं करायच्या आधी ऑर्डरींचा पडदा उघडून बघायचा. नवख्यांसाठी निळी पट्टी भरायचा हा सगळ्यात सरळ रस्ता आहे. पहिली तीन-चार रेप्युटेशन माझी ऑर्डरींतूनच येतात.

व्यापार

मी मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहिते, त्यामुळे हा भाग माझ्या जिव्हाळ्याचा. 'ट्रेडिंग पोस्ट' पहिल्या वर्षीच उभी करा. व्यापारी ठरावीक काळानं येतात, चलन म्हणजे अंबर. नवे खेळाडू व्यापाऱ्याकडे कधी फिरकतच नाहीत, सगळं स्वतःच पिकवायला बघतात. त्यात डाव लांबतो. जे तुमच्याकडे अति झालं आहे ते विका आणि जे अडलं आहे तेवढंच घ्या: पार्ट्स, अवजारं, एखादा हवा असलेला ब्लूप्रिंट.

'मेकशिफ्ट पोस्ट' या सुरुवातीच्या इमारतीत मालाचे गठ्ठे बांधता येतात. नकाशावरच्या तुमच्या शेजारच्या वस्त्यांशी व्यापाराचे मार्ग उघडले की हे गठ्ठे जातात आणि अंबर येतं. एकदा मार्ग लागले की दर वर्षी हातात पैसा खेळतो. व्यापाऱ्याला वेळेआधी बोलावता येतं, पण त्यानं राणीचा संयम कमी होतो. डेंजरस ग्लेडची मुदत संपत आली आहे आणि एका वस्तूसाठी अडलं आहे, अशा वेळी ती किंमत मोजावी.

नवे लोक, घरं

दर काही काळानं नवे जथे येतात, दोनांतून एक निवडायचा. सोबत सामान आणतात. प्रत्येक नवा माणूस म्हणजे दोन हात, एक तोंड आणि जंगलाचा थोडा राग. वादळ तोंडावर असेल आणि निवारा नसेल तर थोडं थांबून घ्या. घरांचं म्हणाल तर सुरुवातीला सगळ्यांना सामाईक शेल्टर पुरे, मग ज्या जमातीकडून रेप्युटेशन काढायचं आहे तिचीच खास घरं आधी बांधा.

पावसाच्या पाण्याची इंजिनं आणि त्यातून होणारा 'ब्लाइटरॉट' हा प्रकार पहिल्या दोन-तीन वस्त्यांत बाजूला ठेवलात तरी चालेल. एवढंच लक्षात असू द्या की इंजिनं वापरली की इमारतींवर गाठी धरतात आणि त्या जाळायला 'ब्लाइट पोस्ट'वर माणसं नेमावी लागतात, शुद्धीची आग तयार ठेवावी लागते.

शेवटचे गुण

ऑर्डरी आणि ग्लेड मिळून निळी पट्टी साधारण दोन तृतीयांश भरते, उरलेलं लोकांच्या धीरातून काढायचं. एखाद्या जमातीचा धीर तिच्या निळ्या खुणेच्या वर गेला की ती हळूहळू रेप्युटेशन देत राहते. जितकं देईल तितकी ती खूण वर सरकते. म्हणून तिघांना थोडं थोडं खूश ठेवण्यापेक्षा एकीला भरभरून द्या, मग दुसरीकडे वळा. एखाद्या जमातीवर मर्जी दाखवायचं बटणही आहे. तिचा धीर वाढतो, बाकीच्यांचा उतरतो, तेव्हा वादळात ते दाबू नका.

माझी पद्धत अशी. चौथ्या वर्षापासून बिस्किटं, कोट, पेय असं जे काही चांगलं होतं ते साठवत जायचं आणि लोकांना वापरायला बंद ठेवायचं. दिवाळीचा फराळ डब्यात भरून वर फळीवर ठेवतात तसं. दोन-तीन गुण उरले की रिमझिम लागताच सगळं एकदम खुलं करायचं. एका रिमझिम-उघडिपीत धीर उसळतो आणि पट्टी भरते. भाच्याची तिसरी वस्ती अशीच तरली. सहाव्या वर्षी वादळ अगदी लागतच होतं. त्यानं लाकूडतोडे काढले, बिस्किटांवरची बंदी उठवली, बीव्हरांचा धीर खुणेपलीकडे गेला आणि शेवटचा गुण पडला.

जिंकल्यावर गेम विचारतो, इथंच थोडं रेंगाळायचं की निघायचं. भाचा बराच वेळ नुसता बघत बसला. इतकं जमवलेलं सोडून कसं जायचं, म्हणाला. निघा. बक्षीस म्हणून मिळालेला अन्नसाठा, यंत्रसामग्री आणि प्राचीन वस्तू घेऊन स्मोल्डरिंग सिटीत जा आणि सुधारणा विकत घ्या. सुरुवातीला ज्यांनी निघताना सोबत जास्त सामान नेता येतं आणि नव्या इमारती खुल्या होतात अशा सुधारणांवर खर्च करा. हरलात तरी अनुभवाचे गुण मिळतात, तेव्हा बुडालेली वस्तीही अगदी वाया जात नाही.

मग नकाशावर पुढची जागा निवडा. पहिल्या चक्रात नकाशावरच्या 'ब्राँझ सील' या ठिकाणाच्या दिशेनं सरकत राहा. चक्राची वर्षं मोजकी असतात, म्हणून आडवाटेला फार जाऊ नका. जागेवर माउस नेलात की तिथल्या जंगलाचा प्रकार आणि जवळपासचे परिणाम दिसतात. 'रॉयल वुडलँड्स' नवख्यांना सगळ्यात सोयीचं. उतरलात की स्पेसबार, मग मिस्टरीजची यादी, मग चुलीशी माणूस.